कर्मचारी-प्रशिक्षणासाठी अँकी: सॉफ्टवेअर फुकट, खरी मेहनत कार्डं लिहिण्यात

मेंदूविज्ञानाच्या नावाने कंपन्यांना जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं सोडून दिलं तरी काही बिघडत नाही. डावा मेंदू-उजवा मेंदू, 'तुमची शिकण्याची शैली कोणती' छापाच्या चाचण्या, स्लाइडवरची एमआरआयची रंगीत चित्रं. हे सगळं बाजूला ठेवल्यावर जे उरतं ते थोडं आहे, पण भक्कम आहे. एकाच गोष्टीची उजळणी काही दिवसांच्या अंतराने करावी, आणि ती नुसती वाचून न करता आधी आठवून बघावी. अँकी हे सॉफ्टवेअर नेमकी ही दोन कामं करून घेतं. त्यात एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं असतात; कार्डांच्या संचाला डेक म्हणतात. डेमियन एल्म्स यांनी ते २००६ मध्ये आणलं आणि आजही ते मुक्तस्रोत आहे. वैद्यकीय विद्यार्थी आणि परकीय भाषा शिकणारे ते वर्षानुवर्षं वापरत आहेत. बँकेची शाखा, कारखाना, रुग्णालय अशा ठिकाणी ते वापरायचं तर काय जमतं आणि कुठे अडतं, हा या परीक्षणाचा विषय.

आधी पाया तपासू. एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं ते समुद्री गोगलगायीच्या चेतापेशींवरच्या कामासाठी. सेरोटोनिन या चेतापेशींमध्ये निरोप नेणाऱ्या रसायनाची एकच मात्रा दिली तर पेशींमधली जोडणी काही मिनिटांपुरती बळकट होते. तीच मात्रा अंतराअंतराने पाच वेळा दिली, तर नवी प्रथिनं तयार होतात आणि बदल एका दिवसाहून जास्त टिकतो. माणसांवरचा पुरावाही स्वच्छ आहे. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर, वाचणारे ४२ वर. दिवसभराच्या प्रशिक्षणानंतर संध्याकाळी लगेच घेतलेली परीक्षा फसवते ती अशी. त्या वेळी सगळ्यांना सगळं येत असतं, आणि पुढच्या सोमवारी काय उरलं ते कोणी विचारत नाही.

प्रशिक्षणांत हमखास दाखवला जाणारा विस्मरणाचा आलेख मात्र जपून वापरावा. तो हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतः एकट्यावर, निरर्थक अक्षरगट पाठ करून काढला होता. आलेखाचा आकार खरा आहे. २०१५ मध्ये तो प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला तेव्हाही तसाच आला. पण त्यावरून 'तुमचे कर्मचारी आठवड्यात अमुक टक्के विसरतात' असा आकडा काढणं चूक आहे, कारण अर्थ असलेला आणि रोज वापरात येणारा मजकूर निरर्थक अक्षरांच्या वेगाने विसरला जात नाही.

बसवणं आणि सेटिंग

विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवर पैसे पडत नाहीत. आयफोनवरचं अधिकृत अ‍ॅप विकत घ्यावं लागतं. अमेरिकेत ते २४.९९ डॉलरला आहे, इथली किंमत घेण्याआधी बघून घ्यावी. आयफोनवाल्यांना ब्राउझरमधून अँकीवेब वापरूनही उजळणी करता येते आणि ऑफिसच्या कामाला तेवढं पुरतं. अँड्रॉइडवर 'अँकीड्रॉइड' हेच नाव शोधा. नावात अँकी असलेली पण या प्रकल्पाशी काही संबंध नसलेली अ‍ॅप बरीच आहेत. त्यात एकदा कार्डं भरली आणि नंतर वर्गणी मागितली गेली, की बाहेर पडणं अवघड जातं.

प्रत्येक कर्मचाऱ्याचं खातं वेगळं हवं. खर्च किंवा कटकट वाचवायला शाखेत सगळ्यांना मिळून एकच लॉगिन देण्याचा मोह होतो, आणि तिथेच सगळा खेळ संपतो. कुठलं कार्ड परत कधी दाखवायचं हे अँकी त्या माणसाच्या आधीच्या उत्तरांवरून ठरवतं. पाच जणांची उत्तरं एकत्र झाली, तर ते वेळापत्रक कोणाचंच राहत नाही.

मूळ सेटिंग विद्यार्थ्यांच्या हिशेबाने केलेली आहेत, ऑफिससाठी ती बदलावीच लागतात. रोज नवी कार्डं २० असतात, ती ५ वर आणा. ढोबळ हिशेब असा: रोज जितकी नवी कार्डं, त्याच्या सात ते दहा पट उजळणी काही आठवड्यांत रोज समोर येऊ लागते. ५ नव्यांना ३५ ते ५० कार्डं, एका कार्डाला आठ सेकंद धरले तर पाच ते सात मिनिटं. काउंटर उघडण्याआधी किंवा टूलबॉक्स टॉकच्या (काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षा-बैठकीच्या) वेळी एवढा वेळ निघतो. तेच २० नवी ठेवली तर महिन्याभरात रोज दीडशे-दोनशे कार्डं येतात, साहजिकच माणूस दोन दिवस टाळतो, तिसऱ्या दिवशी पाचशे साचलेली दिसतात आणि अ‍ॅप कायमचं बंद होतं. अँकी सोडून देणाऱ्या बऱ्याच जणांचं कारण हेच असतं.

डेक ऑप्शन्समध्ये एफएसआरएस (उजळणीची अंतरं ठरवणारी नवी पद्धत) चालू आहे ना, ते पाहा. जुनी पद्धत पिओत्र वोझ्न्याक यांच्या १९८७ च्या एसएम-२ वर बेतलेली होती. एफएसआरएस २३.१० या आवृत्तीपासून आत आलं आणि ते प्रत्येकाच्या नोंदींवरून विस्मरणाचा अंदाज बांधतं. त्यात 'डिझायर्ड रिटेन्शन' नावाचा आकडा असतो: कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवण्याची शक्यता किती हवी? मूळ ०.९० ठीक आहे. सुरक्षेचा विषय म्हणून कोणी उत्साहाने ०.९८ करतं. तसं केलं की अंतरं आखडतात आणि रोजचा भार कितीतरी पट होतो. सुरक्षेच्या कार्डांचा वेगळा डेक करून त्याला ०.९३ द्या, बाकीच्यांना ०.८५ सुद्धा चालतं.

उजळणीतलं कमाल अंतर मुळात ३६,५०० दिवस, म्हणजे शंभर वर्षं असतं. संस्थेसाठी ते १८० करा. नियम बदलतात, आणि आणीबाणीतली कृती दीड वर्षाने एकदा समोर येऊन भागत नाही.

दिवस बदलण्याची वेळ मुळात पहाटे चारची आहे. तिसऱ्या पाळीच्या कामगारांना याचा हमखास त्रास होतो: साडेतीनला केलेली उजळणी आदल्या दिवसाची धरली जाते आणि साडेचारला नव्या दिवसाची कार्डं उघडतात. प्रेफरन्सेसमध्ये ही वेळ सकाळी आठवर न्या. साप्ताहिक सुट्टीसाठी 'ईझी डेज' आहे. भोसरी-पिंपरीकडे गुरुवारी सुट्टी असेल तर गुरुवारचा भार किमान ठेवता येतो, म्हणजे शुक्रवारी डोंगर उभा राहत नाही.

चार बटणांपैकी दोनच शिकवा

उत्तर पाहिल्यावर चार बटणं येतात: अगेन, हार्ड, गुड, ईझी. इथली एक गैरसमजूत सगळं बिघडवू शकते. उत्तर आठवलं नाही, पण पाहिल्यावर 'अरे हो, माहीत होतं' वाटलं, की लोक हार्ड दाबतात. अँकीच्या लेखी हार्ड म्हणजे 'आठवलं, पण कष्टाने'. म्हणजे पास. विसरलेलं कार्ड पास धरलं गेलं की त्याचं अंतर वाढतं, ते पुन्हा विसरलं जातं, पुन्हा हार्ड, आणि एफएसआरएसने त्या माणसाबद्दल बांधलेला अंदाजच वाकडा होतो. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा: आठवलं तर गुड, नाही तर अगेन. उरलेली दोन बटणं विसरून जा. एवढ्याने काहीही बिघडत नाही.

कार्ड कसं लिहायचं

सॉफ्टवेअर बसवायला दोन तास लागतात. तीनशे चांगली कार्डं लिहायला जाणत्या माणसाचे दोन-तीन आठवडे जातात. संस्थांना हे पटवून देणं अवघड असतं, म्हणून पीपीटीचे मुद्दे उचलून कार्डांत टाकले जातात आणि मग 'अँकी चालत नाही' असा निकाल लागतो.

बँकेतलं एक उदाहरण घेऊ. प्रश्न: 'केवायसी अद्ययावत करण्याचे नियम सांगा.' उत्तरात आठ ओळी. कर्मचाऱ्याला पाच आठवल्या, आता त्याने काय दाबायचं? तो गुड दाबतो, आणि राहिलेल्या तीन ओळी कधीच पक्क्या होत नाहीत. हे कार्ड फोडायला हवं. जास्त जोखमीच्या ग्राहकाची केवायसी किती वर्षांतून एकदा तरी अद्ययावत करायची? २. मध्यम जोखीम? ८. कमी जोखीम? १०. झाली तीन कार्डं, पण ही तिन्ही एकाच दिवशी आणली की ८ आणि १० ची गल्लत होते. सारख्या चेहऱ्याच्या आठवणी एकमेकींच्या पायात येतात. तेव्हा जास्त जोखमीचं कार्ड आधी, बाकीची दोन्ही एकेका आठवड्याच्या फरकाने आणा. आणि एक कार्ड उलट्या दिशेने लिहा: 'मध्यम जोखमीच्या खात्याची केवायसी मार्च २०१९ मध्ये झाली. पुढची कधीपर्यंत?' उत्तर मार्च २०२७. काउंटरवर प्रश्न याच रूपात येतो, म्हणून सरावही याच रूपात हवा.

यादी पाठ करायची असेल तर क्लोझ प्रकार वापरा, म्हणजे वाक्यातली एक जागा झाकलेली. यंत्राच्या पॅनेलसाठी किंवा फॉर्मसाठी चित्राचा भाग झाकण्याची सोय आता आतच आहे, वेगळं अ‍ॅड-ऑन लागत नाही. अ‍ॅड-ऑन तसेही फक्त संगणकावर चालतात, फोनवर नाही. त्यामुळे डेक त्यांच्यावर अवलंबून ठेवू नका.

मराठी कार्डांसाठी एक खास सूचना. उत्तर टाइप करून घ्यायची सोय देवनागरीत वापरू नका. अँकी अक्षर न् अक्षर जुळवतं. कार्डावर 'संबंध' आणि कर्मचाऱ्याने लिहिलं 'सम्बन्ध', तर लाल खूण येते आणि बरोबर उत्तर देणारा वैतागतो. उत्तर मनात किंवा ओठांत म्हणावं आणि मग कार्ड उलटावं. मात्र म्हणायला हवंच. न म्हणता उलटणं म्हणजे पुन्हा वाचनच झालं.

हातांनी करायचं काम कार्डाने येत नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं. प्रौढाला सीपीआर देताना मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास, हे आकडे अँकी पक्के करून देईल. पाच सेंटिमीटर म्हणजे हाताला किती जोर लावायचा, ते पुतळ्यावर दाबल्याशिवाय कळत नाही. या दोन स्मृती मेंदूत वेगळ्या आहेत. १९५३ मध्ये शस्त्रक्रियेत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाचा, बराच भाग गेलेल्या एच. एम. या रुग्णाला आरशात बघून आकृती गिरवणं दिवसागणिक सुधारत गेलं, पण आदल्या दिवशी आपण हे केलं होतं याची त्याला आठवण नसायची.

नियम बदलला की काय

संस्थेत अँकी मोडतं ते बहुतेक इथे. परिपत्रक येतं, आकडा बदलतो आणि चाळीस जणांच्या फोनवर जुनं उत्तर रोज पक्कं होत राहतं. चुकीची गोष्ट इतक्या नेटाने शिकवणारं दुसरं साधन नाही.

उपाय सुरुवातीलाच करावा लागतो. नोट टाइप (कार्डातल्या रकान्यांचा साचा) तयार करताना पहिला रकाना प्रश्नाचा न ठेवता क्रमांकाचा ठेवा: 'केवायसी-०१४' असा. पुढे प्रश्न, उत्तर, संदर्भ परिपत्रक, तपासल्याची तारीख. कार्डाच्या टेम्पलेटमध्ये दर्शनी बाजूला फक्त प्रश्न दाखवा. हे सगळं एका एक्सेल फाइलमध्ये ठेवा आणि त्यातूनच आयात करा. मजकुराची फाइल आयात करताना अँकी पहिला रकाना जुळवून बघतं: तो तोच असेल तर जुनी नोंद सुधारते आणि उजळणीचा इतिहास शाबूत राहतो. पहिला रकाना प्रश्नाचा असला तर प्रश्नातला एक स्वल्पविराम बदलला तरी नवं कार्ड तयार होतं आणि जुनं तसंच पडून राहतं, दोन वेगळ्या उत्तरांसह. फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणूनच सेव्ह करा, साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

तयार डेक वाटताना निर्यातीच्या खिडकीत उजळणीचं वेळापत्रक सोबत देण्याची खूण काढून टाका. ती राहिली तर तयार करणाऱ्याची अंतरं सगळ्यांना जातात आणि नवशिक्याला पहिलं कार्ड तीन महिन्यांनी दिसतं. नियमात मोठा बदल असेल तर नुसतं उत्तर सुधारून थांबू नका. त्या कार्डांना टॅग द्या आणि ती पुन्हा नवी म्हणून सुरू करायला सांगा.

निर्णय आणि संवाद

आकडे आणि नियम ही अँकीची हक्काची जागा. निर्णयक्षमतेसाठी ते वापरायचं तर कार्डावर प्रसंग हवा. 'साहेबांच्या नावाने मेल आला आहे: मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, या खात्यात लगेच रक्कम पाठव. तुमची पहिली कृती?' उत्तर: पैसे पाठवायचे नाहीत. साहेबांना, ऑफिसच्या यादीतल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही.

अशी वीस कार्डं लिहिली आणि सगळ्यांचं उत्तर 'फसवणूक' आलं, तर लोक कार्ड न वाचता फसवणूक म्हणायला शिकतात. निम्म्या प्रसंगांत मेल खरा आणि काम करण्यासारखं असायला हवं, आणि फरक एखाद्या बारीक तपशिलात हवा. शिवाय कार्ड सहाव्यांदा दिसलं की माणूस प्रसंग वाचत नाही, पहिल्या तीन शब्दांवरून ओळखतो. म्हणून एकाच तत्त्वाचे चार-पाच वेगळे प्रसंग लिहा आणि दर तिमाहीला काही बदला.

उलटण्याआधी 'मला किती खात्री आहे' हेही मनात म्हणायला सांगा. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं की पूर्ण खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर लगेच दुरुस्त केलं, तर ती दुरुस्ती अधिक चांगली लक्षात राहते.

मर्यादाही मोठी आहे. कानेमान आणि क्लाइन यांनी २००९ मध्ये मिळून मांडलेला निष्कर्ष इथे लागू पडतो: अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवावा तो जिथे परिस्थितीत नियमितपणा असतो आणि निकाल लवकर कळतो तिथेच. मेल खरा की खोटा हे कळतं. 'नवी शाखा साताऱ्यात काढावी का' याचं कार्ड होत नाही, आणि तसं कार्ड करू पाहणाऱ्याला थांबवावं.

संवादासाठी अँकीचा उपयोग बेताचाच. रुग्णालयात पाळी बदलताना परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, शिफारस या क्रमाने माहिती द्यायची पद्धत आहे. क्रम अँकीने पाठ होईल, पण चाळीस सेकंदांत खरा रुग्ण सोपवणं जोडीने, मोठ्याने बोलूनच येतं.

साहेबांनी काय पाहावं

अँकीत व्यवस्थापकासाठी डॅशबोर्ड नाही. एचआरला ही उणीव वाटते. आमच्या मते ती चांगली गोष्ट आहे. उजळणीचे आकडे मूल्यमापनात धरले, की प्रत्येक जण प्रत्येक कार्डाला गुड दाबतो, आकडा ९८ टक्क्यांवर जातो आणि स्मृती होती तिथेच राहते. ज्ञान तपासायचं असेल तर महिन्यातून एकदा वेगळी छोटी चाचणी घ्या, अँकीचा आकडा मागू नका.

साहेबांनी मागावी ती लीच कार्डांची यादी. तेच कार्ड आठ वेळा विसरलं गेलं की त्याला हा टॅग लागतो. प्रत्येकाकडून या कार्डांचे फक्त क्रमांक गोळा करा, नावं नकोत. 'सेफ्टी-०३१' पंधरा जणांकडे अडलं असेल, तर दोष पंधरा जणांचा नाही. बहुधा कार्डाची भाषा गोंधळाची असते, किंवा मूळ एसओपीतच (कामाच्या ठरवून दिलेल्या लेखी पद्धतीतच) दोन कलमं एकमेकांना काटत असतात. प्रक्रियेतल्या संदिग्ध जागा इतक्या स्वस्तात दाखवणारं दुसरं काही सापडत नाही, आणि आमच्या लेखी संस्थेसाठी अँकीचा सर्वांत मोठा फायदा हाच.

माहिती बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायला मनाई असेल तर अँकीत सिंक सर्व्हर (वेगवेगळ्या उपकरणांवरची कार्डं जुळवून ठेवणारा) आतच दिलेला आहे. ऑफिसच्या एखाद्या संगणकावर तो चालवता येतो, मुळात ८०८० पोर्टवर. वापरकर्त्यांची नावं आणि पासवर्ड सुरू करतानाच द्यावे लागतात, त्यामुळे आयटीचा माणूस हाताशी हवा. तसाही ग्राहकाचा किंवा रुग्णाचा खरा तपशील कार्डावर कधीच नको, सर्व्हर कुणाचाही असो. अँकीवेब वापरत असाल तर महिनोन् महिने न उघडलेलं खातं काढून टाकलं जाऊ शकतं. दीर्घ रजेवर जाणाऱ्याकडून डेकची निर्यात आधीच घेऊन ठेवा.

सुरुवात एका विभागापासून, साठ कार्डांपासून करा. ती लिहायला प्रशिक्षण विभागाचा माणूस न बसवता रोज काउंटरवर किंवा मशीनवर असणारा बसवा. नवे लोक कुठे चुकतात ते त्याला माहीत असतं. कार्डांची जबाबदारी घेणारं एकही नाव संस्थेकडे नसेल, तर अँकी बसवूच नका. सहा महिन्यांनी त्यातले नियम जुने झालेले असतील आणि लोक ते बिनचूक म्हणून दाखवत असतील.